पीसफुल दिवाळी

धनतेरस झाली की आमच्या उधन्याचा आवाज जातो. बाराही महिने रात्रंदिवस धडधडणारे माग एकेक करून थांबतात. खात्यांच्या शटरला कुलपं लागतात. माग चालतात त्या शेडला सुरतेत खातं म्हणतात, आणि आमच्या गल्लीत घरं कमी, खातीच जास्त. ती सगळी बंद झाली की कानात दडे बसल्यासारखं होतं. परवा तसंच झालं. मी ओट्यावर बसलो होतो, तर समोरच्या घरातलं घड्याळ मला ऐकू यायला लागलं. कोणीतरी तव्यावर उलथनं आपटलं तेही ऐकू आलं. मी उठलो, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहून आलो. काही नव्हतं. काही नव्हतं म्हणूनच मला बरं वाटलं नाही.

आवाजात वाढलेल्या माणसाचं हे असंच असतं. आमच्या गल्लीत जन्मलेली पोरं मागाच्या आवाजात गाढ झोपायची आणि लाईट गेली की दचकून रडत उठायची. गावाकडून पाहुणे आले की म्हणायचे, या पोरांना दृष्ट लागली असेल. दृष्ट कसली. माग थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढं त्या पोरांना पाळण्यातच कळत होतं. एक तर तार जळाली, नाहीतर कोणाचा हात अडकला, नाहीतर सेठ आणि कारीगर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. चांगल्या कारणानं माग थांबलेला मी पाहिला नाही. पूजेला थांबतो तेवढाच, आणि त्यावरही माझा विश्वास राहिला नाही, ते का ते पुढे सांगतो.

यंदा ओट्यावर बसलो असताना माझा मुलगा भगवान एक गुळगुळीत रंगीत कागद घेऊन आला. पलसाण्याच्या रस्त्याला नवीन इमारती होताहेत, तिथं फ्लॅट घ्यायचा त्याच्या मनात आहे.

"नाना, एकदम पीसफुल जागा आहे," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे शांत. आवाज नाही, गर्दी नाही."

"मग तिथं लोक काय धंदा करतात?"

"नाना, तिथं राहायचं असतं. धंदा नाही करायचा."

सून आत हसली. मी कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. मी तिसरी शिकलो आहे. इंग्रजी मला येत नाही आणि येत नाही याची लाज मी कधी धरली नाही. पण हा एक शब्द मी चांगला ओळखतो. या सुरतेत तो माझ्या अंगावर बऱ्याच वेळा आला आहे, आणि आला तेव्हा त्याच्या मागे काहीतरी दडलेलं होतं.

शहरात कर्फ्यू लागला होता तेव्हा तो पहिल्यांदा आला. गल्लीच्या तोंडाशी एक पोलीस खुर्ची टाकून बसलेला असायचा. पाण्याला बाहेर पडायची बंदी. आम्ही दारं लावून आत, पोरांच्या तोंडावर हात ठेवून. फटीतून मी पाहत होतो. तो पोलीस त्याच्या वायरलेसमध्ये सारखं सांगायचा, उधना पीसफुल, उधना पीसफुल. मी शेजाऱ्याला विचारलं, हा काय सांगतोय. शेजारी म्हणाला, सगळं ठीक आहे म्हणतोय. दाराआड आमचे जीव टांगलेले, आणि बाहेर त्या माणसाला सगळं ठीक दिसत होतं. माणसं दिसत नाहीत म्हणजे ठीक.

माझी बायको गेली तेव्हा दवाखान्यातली सिस्टर मला तेच म्हणाली. दादा, बहुत पीसफुल गयी. ती पोरगी चांगली होती, मला धीर द्यायला म्हणत होती. मी मान हलवली. पण मी बायकोच्या मुठीकडे पाहिलं होतं. चादरीची किनार तिनं अशी घट्ट धरली होती की ती सोडवायला भगवानला वेळ लागला. ज्याला शांत जायचं असतं त्यानं काही धरून ठेवलेलं नसतं.

असो. मला सांगायची होती ती दिवाळी.

ते साथीचं वर्ष. भादव्यात सुरतेत प्लेगची ती वाईट साथ आली आणि अर्धं शहर तोंडाला फडकी बांधून रेल्वेत, ट्रकात, जिथं जागा मिळेल तिथं चढून पळालं. आमच्या खात्यातले सगळे खानदेशी गावाकडे गेले. मी गेलो नाही. बायकापोरांना पाठवलं आणि मी थांबलो, कारण सगळे ज्या दिशेला पळतात तिकडे पळायची मला सवय नाही. साथ ओसरली. लोक परत आले. माग चालू झाले. पण सेठचा चेहरा पूर्वीसारखा नव्हता. तो आमच्याशी एकदम गोड बोलायला लागला. शिव्या देणं बंद. चहा उशिरा आला तर स्वतः विचारायचा. आमचा सेठ सकाळी शिवी दिल्याशिवाय गादीवर बसत नसे. त्यानं शिवी सोडली तेव्हाच मी उखाला म्हटलं, काहीतरी शिजतंय.

उखा माझ्या शेजारच्या मागांवर होता. अमळनेरकडचा. आम्ही एकाच महिन्यात सुरतेत आलो, एकाच खोलीत राहिलो, एकाच मास्टरकडून काम शिकलो. त्याची जीभ सुटी आणि माझी बांधलेली, म्हणून आमचं जमायचं.

"तुले तर तुन्ही सावलीबी चोर वाटस," तो म्हणाला.

आमच्या खात्यात एक रीत होती. दिवाळीला माग बंद करताना ताणा, म्हणजे उभा धागा, संपवायचा नाही. मागाच्या पाठीशी एक मोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. त्यावर धागा शिल्लक ठेवायचा, पुढे हातभर विणलेलं कापड तसंच राहू द्यायचं आणि त्याला कुंकवाचं बोट लावून घरी जायचं. लाभपाचमीला, म्हणजे पाडव्यापासून पाचव्या दिवशी, सेठ पूजा करणार आणि आपण तिथूनच पुढे विणायचं. म्हणजे काम तुटलं नाही. सेठ लोक हे आमच्याहून जास्त पाळत. कुंकू लागलेल्या ताण्याला पाचमीच्या आधी कात्री लावणारा गुजराती मालक मी पाहिला नव्हता.

त्या वर्षी सुट्टीच्या आधी छोटे सेठ खात्यात आले. सेठचा मुलगा, नुकताच कॉलेज करून आलेला, पांढरे बूट घातलेला. त्यानं माग बंद करायला लावले आणि आम्हाला समोर उभं केलं.

"इस बार सब लोग बीम खाली करके जाना. मशीन की सफाई करनी है. और सब पीसफुली अपने गाँव जाओ, पाचम को आओ. कोई टेन्शन नहीं."

मिठाईचे डबे वाटले. दर वर्षीपेक्षा मोठे. सगळे खूश झाले. मी डबा हातात घेऊन उभा राहिलो. जो मालक पाचमीला माग चालू करणार आहे, तो बीम रिकामे करायला का सांगेल? साफसफाई आम्ही ताणा चढलेला असतानाच करत आलो होतो. मी खात्यावर नजर ठेवणाऱ्या मास्टरला विचारलं. तो म्हणाला, छोटे सेठ नव्या विचारांचे आहेत. मी उखाला आणि बाकीच्यांना खात्याबाहेर थांबवून सांगितलं, हे मला बरं दिसत नाही, दोघातिघांनी सुट्टीत इथं थांबायला पाहिजे. त्यांनी मला हसून घेतलं. कोणाची बहीण वाट पाहत होती, कोणाचं तिकीट काढून झालं होतं. उखा म्हणाला, "मिठाई खाय आते. खाई झाली का मंग सांग, सेठनी त्यामा काय टाकं ते."

मग शेवटच्या पाळ्यांत माझ्या मागांचे धागे फार तुटायला लागले. का तुटले ते मला विचारू नका. सगळ्यांचे बीम संपले, माझ्या चार मागांचे संपले नाहीत. मास्टर चिडला. मी म्हटलं, आता काय करता, पाचमीला संपवतो. तो घरी जायच्या घाईत होता. सगळे गेल्यावर मी चारही मागांवर हातभर कापड ठेवलं आणि कुंकू लावलं.

बायको पोरांना घेऊन गावाला निघाली तेव्हा तिनं स्टेशनवर मला शेवटचं विचारलं, "आठे काय ठेयेल शे तुम्हनं? भाऊबीजले भाऊ इचारी, तर मी काय सांगू?"

"सांग, माग राखतोय."

"माग कोठे पळी जाई का," ती म्हणाली. गाडी सुटली. ती खिडकीतून हसत होती की रागानं पाहत होती, मला कळलं नाही.

त्या सुट्टीसारखी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. हिवाळा लागत होता. सकाळी धुकं आणि त्यात मिलच्या रंगाचा आंबट वास मिसळलेला. बंद शटरांपुढे रांगोळ्या, त्यांवरून चालणारं कोणी नाही. चिमण्या खात्याच्या जाळीतून आत जायच्या आणि आत त्यांचा आवाज असा घुमायचा की मी चार वेळा कुलूप ओढून पाहिलं. कोपऱ्यावरच्या फाफडावाल्यानंही गाडी लावली नव्हती. मी खात्यासमोरच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसायचो. दुपारी तिथंच भाकरी खायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, घरात करमत नाही.

एका सकाळी छोटे सेठ मोटारीतून आले. बरोबर एक जाड माणूस होता. ते दोघं रस्त्याच्या पलीकडे मोटारीला टेकून बोलत राहिले. माझ्याकडे त्यांचं लक्ष होतं, पण मी लांब आहे म्हणून ते सावध नव्हते. आता मागांवर आयुष्य गेलेला माणूस कानानं ऐकत नाही. खात्यात कोणाचा शब्द कानापर्यंत येत नाही, आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो. शांततेत तर ते अजूनच सोपं. छोटे सेठ गुजरातीत सांगत होते की पाचमीच्या आधी सगळे माग कडोदऱ्याच्या नव्या शेडमध्ये न्यायचे, तिथं दुसरे कारीगर ठरले आहेत. जाड माणसानं माझ्याकडे बोट केलं. छोटे सेठ म्हणाले, एनी चिंता नहीं. ए तो पीसफुल माणस छे.

दोघंही हसले.

मला राग कशाचा आला ते मी पुष्कळ दिवस तपासून पाहिलं. माग नेताहेत याचा तर होताच, पण ते मला आधीच ठाऊक होतं. बैलाबद्दल बोलावं तसं ते बोलले. मारत नाही, शिंग उगारत नाही, घेऊन चला. मी त्या खात्यात कधी दारू पिऊन आलो नाही, कोणाची कॉलर धरली नाही, त्याचा त्यांनी असा अर्थ लावला होता.

दोन ट्रक आले ते भाऊबीजेला. बाया ओवाळणीच्या गडबडीत, गल्लीत चिटपाखरू नाही. पहारी आणि लाकडी रूळ घेऊन मजूर उतरले, मागून मोटारीतून छोटे सेठ. शटर वर गेलं तसा मी उठलो, आत गेलो आणि माझ्या चार मागांच्या मधल्या बोळात जमिनीवर बसलो. कोणी हटकलं नाही. मी पीसफुल माणूस ना.

त्यांनी बाकीचे माग सोडवले. बोल्ट निघताना लोखंड किंचाळायचं. उखाचे माग माझ्या डाव्या हाताला होते. ते सरकवताना खाली तेलाचा काळा डाग उघडा पडला, झोपलेला माणूस उठल्यावर गादीवर राहतो तसा. मग ते माझ्या मागांशी आले आणि थांबले. ताणा चढलेला, कापड लागलेलं, कुंकू लावलेलं. मजुरांचा मुकादम छोटे सेठकडे पाहायला लागला. छोटे सेठनी कात्री मागितली. मुकादम म्हणाला, "साहेब, मी नाही लावणार हात. सणाचा दिवस आहे."

"मैं काटता हूँ," छोटे सेठ म्हणाले. पण हात उचलला नाही. बाहेर जाऊन फोन केला.

थोड्या वेळानं मोठे सेठ आले. नव्या धोतरात, कपाळावर अजून ओला टिळा. त्यांनी मला पाहिलं, कापडावरचं कुंकू पाहिलं. सगळं समजले.

"आत्माराम, कापी नाख, भाई," ते हळूच म्हणाले. "तारा हाथे काप."

"पाचमीला पूजा करा सेठ. मग कापतो."

"त्यां सुधी बेसी रहीश?"

"बसलोच आहे."

छोटे सेठ पुढे झाले. मोठ्या सेठनी त्यांचं मनगट धरलं. "ना. पाचम पेलां नहीं." बापाचा आवाज चढला नाही, पण पोरानं कात्री ठेवली. शेवटी ट्रक भरून गेले आणि माझे चार माग जागेवर राहिले. मोटारीत बसताना छोटे सेठ बापाला म्हणाले, "जुओ पप्पा, बधुं पीसफुली पती गयुं." म्हणजे सगळं शांतपणे पार पडलं. त्यांच्या हिशेबी बरोबरच होतं. कोणी ओरडलं नव्हतं, कोणाच्या डोक्यात पहार पडली नव्हती. खातं रिकामं झालं होतं.

पाचमीला माणसं गावाहून आली. शेवेचे डबे, नव्या टोप्या, पायाला गावाची धूळ. आत आले तर नुसती फरशी, बोल्टची भोकं आणि तेलाचे डाग. आणि एका कोपऱ्यात माझे चार माग चालू. पूजा झाली होती. सेठनी शब्द पाळला होता आणि पूजेनंतर कापतो म्हणूनही मी ताणा कापला नव्हता. बीम संपेपर्यंत विणायचं ठरलं, मग सेठनी पुढचा बीमही चढवला. त्यांना नंतर ते माग हलवायची हिंमत झाली नाही, की त्या चार मागांसाठी ट्रकचं भाडं नको वाटलं, देव जाणे.

उखा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माग चालू होते, म्हणून तो ओठांनीच बोलला. तुला माहीत होतं?

मी ओठांनी म्हटलं, हो.

मी सांगू शकलो असतो की मी दिवाळीआधी तुम्हाला थांबवून सांगितलं होतं आणि तुम्ही मला हसला होतात. पण ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट मी पुन्हा सांगत नाही. तो गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं की आत्माराम सेठला मिळाला, म्हणून त्याचे तेवढे माग राहिले. इतरांचे जाताना तो आत बसलेला होता, हे मुकादमानंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. मी बसलेलोच होतो.

उखा पुढे कडोदऱ्याला गेला. त्याचे माग तिकडे होते, त्यांच्या मागे तोही गेला, कमी मजुरीवर. आमचं भांडण झालं नाही. लग्नात, मयतीला भेट व्हायची. काय, बरं? बरं. पोरंबाळं? चांगली. एवढं बोलून दोघं दोन बाजूंना. इतकी वर्षं एक वाकडा शब्द नाही. छोटे सेठनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, दोघंही किती पीसफुल.

काल भगवाननं मला मोटारसायकलवर बसवून तो फ्लॅट दाखवायला नेलं. खरंच काही आवाज नव्हता. लिफ्टमध्ये आरसा होता. खिडकीतून हायवे दिसत होता पण काच लावली की ट्रक नुसते सरकायचे, आवाजाशिवाय. मी काच उघडली की फ्लॅट दाखवणारा पोरगा ती पुन्हा लावून घ्यायचा. मी भगवानला म्हटलं, तुला घ्यायचा तर घे, मी उधन्यातच राहीन. त्याला माझा स्वभाव माहीत आहे. परतीच्या वाटेवर कडोदरा लागलं. का कोण जाणे, मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "उखाकाकाच्या घरी घे."

उखा गॅलरीत बसला होता. बारीक झालाय. मला पाहून त्यानं खुर्ची सरकवली. आम्ही बसलो. भगवान त्याच्या मुलाशी बोलायला आत गेला. मग उखा एकदम म्हणाला, दोघांनाही कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं, "तू हाक का नही मारी रे त्या टाईमले?"

"कशाला?"

"गावले एक फोन कऱ्या असता. आम्ही रातमाच निंघी येतूत."

"येऊन काय केलं असतं तुम्ही? ट्रकपुढे झोपला असता?"

"झोपतूत. नही तर मार खातूत. पन आम्ही ऱ्हातूत ना तठे."

"मी दिवाळीआधी सांगितलं होतं तुला. मिठाई खा म्हणालास."

"सांगेल व्हतं तू," उखा म्हणाला. "बलायेल नव्हतं."

मला तसं वाटत नाही. अजूनही वाटत नाही. ज्याला सांगून कळत नाही त्याला बोलवून काय कळणार. मी तेच म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं. तो म्हणाला, तुझा गर्व आहे हा. मी म्हटलं, गर्व होता म्हणून चार माग तरी वाचले, तुझ्या मिठाईनं किती वाचले? तो उभा राहिला. म्हणाला, तुझे वाचले, आमचे नाही, आणि तू बसून पाहत होतास. मीही उभा राहिलो. त्यानं माझ्या बापाचं नाव घेतलं, मी त्याच्या गावाचं. खालच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं. समोरच्या गॅलरीत बाया जमल्या. वॉचमन शिट्टी वाजवत जिन्याशी आला. भगवान आणि उखाचा मुलगा धावत बाहेर आले, आणि मागून उखाची सून, पदरानं हात पुसत, घाबरलेली.

"बाबा, काय चाललंय? हळू बोला, लोक पाहताहेत," ती म्हणाली.

उखाला दम लागला होता. त्यानं एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातानं मला खाली बसायची खूण केली.

"चहा टाक तू," तो सुनेला म्हणाला. "आमचं आत्ता कुठं सुरू झालंय."